कोळशिंदा : कामणच्या बांधावरचा कोकिलाक्ष

मंडळी, कामणला बोलायला यायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम वसई रोडहून दिव्याची गाडी पकडली. कामण रोड स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे, पावसाळा सरला की रुळालगतच्या पाणथळीत जांभळी फुलं दिसत. तीच पाहायची होती. कमरेएवढं झुडूप, प्रत्येक पेऱ्याला सहा लांब सरळ काटे आणि त्या काट्यांच्या आड फुलांचा झुबका. तुमच्यापैकी भातशेतीत राबलेल्यांना ते आठवत असेल. डोळ्यांना नाही तर पोटऱ्यांना नक्की! हाच कोळशिंदा. कोणी कोलिस्ता म्हणतं. गांध्याच्या दुकानात याचंच बी तालिमखाना होतं आणि वैद्याच्या पोथीत हा कोकिलाक्ष.

मी वैद्य नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एका वस्तूला इतकी नावं असली की माझ्यासारख्याचे कान टवकारतात. उत्तरेकडे मखाण्यालाही तालमखाना म्हणतात. तो तळ्यातल्या काटेरी वनस्पतीचा दाणा, याचा त्याचा काही संबंध नाही. नाव एक, वस्तू दोन. मग ओळखायचं कसं? माझ्या आईची परीक्षा सोपी होती. चिमूटभर बी जिभेवर ठेवायचं. खरं असेल तर क्षणात बुळबुळीत होऊन टाळूला असं चिकटतं की बोलता येत नाही. लहानपणी आम्हाला गप्प करायला ती हे करी की काय, अशी मला शंका आहे. तेच बी रात्री भिजवून दूध-खडीसाखरेबरोबर अशक्त माणसाला द्यायची पद्धत होती.

आता ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेत 'इक्षुरक' या नावानं तो शुक्रशोधन द्रव्यांच्या गणात येतो. पुढे अष्टांगहृदयात वाग्भटानं वातरक्तावर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या, ठणकवणाऱ्या व्याधीवर, कोकिलाक्षाचा काढा सांगितला आणि त्याच्याच पाल्याची भाजी खायला सांगितली. तिथे तो एक उपमा देतो. करुणेच्या सरावानं राग जसा आवरतो, तसं हे औषध रोगाला आवरतं, अशी. औषधाच्या पुस्तकात ही उपमा का आली असेल? मला वाटतं, दोन्हीकडे एका घोटात काम होत नाही, रोज करावं लागतं. झाडाची राख लघवी सुटायला आणि अंगावरची सूज उतरायला देत. पण इथे एक सांगतो : मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे घरच्या घरी करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरा ग्रंथ परक्यांचा. कोचीतला डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' करवला. 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. त्यात हे झुडूप 'बाहेल शुल्ली' म्हणून आहे. बाहेल म्हणजे मल्याळममधलं 'वयल', भातशेत. म्हणजे तिथल्या माणसांनीही त्याला शेतावरूनच ओळखलं! या कामात इट्टी अच्युतन हे एळवा समाजातले वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मणही. तिघांचं 1675 सालचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलं आहे. आपल्या किनाऱ्याच्या भाषेची ही फार जुनी छापील नागरी अक्षरं. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि लगेच एक प्रश्नही पडतो : पाण्यात उतरून, काटे सोसून ही झाडं उपटून आणणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका वारली आजीनं मला हा पाला दाखवला. मी वहीत नाव लिहू लागलो तर म्हणाली, "लिवतोस कशाला? फुलं आली का पाला निबर होतो. कवला हाय तवर खुडून घे." वाग्भटाची भाजीची ओळ मी चाळीस वर्षं वाचत होतो; पाला केव्हा खुडायचा, हे मला तिनं सांगितलं.

आज गाडीतून पाहिलं. स्टेशनाअलीकडच्या त्या डबक्यावर भराव पडलाय, वर पत्र्याची गोदामं. कडेच्या गटारात मात्र चार-पाच झुडपं उभी होती, फुलं आलेली. पण गटाराच्या पाण्यातला पाला खुडून खा, असं मी तुम्हाला कसं सांगू? आजीच्या वेळी ते पाणी शेताचं होतं.