एक मृत्यू, एक कारण

१९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, हिंदुस्थानात किती माणसे नेली याचे अंदाज साधारण सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्यांतली किती हृदय बंद पडून गेली, हे मात्र कधीच कळणार नाही. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत मृत्यूची नोंद पोलीस पाटील करी आणि त्याच्यापुढे देवी, पटकी, प्लेग, ताप असे मोजके रकाने असत. साथीतले बहुतेक मृत्यू तापात जमा झाले. पाटलाला दोष देण्यात अर्थ नाही. विलायतेतही एका मृत्यूला एकच कारण धरण्याची रीत होती. विषाणूचा आजार आणि हृदयविकार यांचे नाते कोविडने प्रथम दाखवले असे आपण धरून चालतो. माझ्या मते ते त्याआधी कितीतरी वर्षे आकड्यांत दिसत होते, फक्त या रिवाजाआड राहिले.

रिवाजाला वळसा घातला तो इंग्लंडचे सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी. लंडनमधील १८४७ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दाखल्यावर काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून, एरवी त्या हंगामात किती माणसे दगावतात हे त्यांनी पाहिले, तेव्हा सहा आठवड्यांत पाच हजारांवर मृत्यू जादा भरले. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले सांख्यिकीतज्ज्ञ सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ मध्ये हीच रीत पुढे नेली. फ्लू आणि न्यूमोनिया वगळून उरलेले मृत्यू त्यांनी मोजले. साथ आली की हृदयविकाराचे मृत्यूही चढत होते. पण हृदयरोगाचा विचार पुढे तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या वाटेने गेला. ती वाट बरोबर होती, म्हणूनच दुसरी शोधण्याची निकड कोणाला वाटली नसावी.

यावर जुना आक्षेप असा, की थकलेले हृदय कशानेही थांबले असते, साथ निमित्तमात्र. नुसत्या बेरजांनी तो खोडता येत नाही. ऑन्टारिओतल्या २०१८ च्या अभ्यासाने मग प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच आयुष्यातल्या इतर काळाशी केली: फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट. माणूस तोच, रक्तवाहिन्याही त्याच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटका आलेल्या रुग्णांपैकी काहींना लगेच फ्लूची लस दिली, इतरांना नुसते सलाइन टोचले. वर्षभरातले मृत्यू दुसऱ्या गटात ४.९ टक्के, तर लसवाल्यांत २.९. चाचणी कोविडमुळे मध्येच थांबवावी लागली, तेव्हा आकडा जपून घ्यावा. तरी जे टाळल्याने माणसे वाचतात त्याला निमित्तमात्र कसे म्हणायचे?

दीर्घ परिणामांचा पुरावा मात्र एकसारखा भक्कम नाही. १९१८ च्या साथीत आईच्या पोटात असलेल्या अमेरिकनांना साठीनंतर हृदयविकार अधिक आढळला, हे बरेच गाजले. पण युद्धावर सुस्थितीतले पुरुष अधिक गेले असल्याने, मागे राहिलेले त्यांचे वडील कदाचित गरीब घरांतले असतील, ही शंका मला रास्त वाटते. त्यापेक्षा वजनदार आहे तो २०२२ चा अभ्यास: कोविड होऊन गेलेले दीड लाखांवर अमेरिकी माजी सैनिक, आणि इस्पितळात जावे न लागलेल्यांतही वर्षभर वाढलेला हृदयविकाराचा धोका. हे बहुतांशी उतारवयाचे पुरुष आहेत, त्यामुळे टक्केवारी सगळ्यांना लावू नये. टाळेबंदीतल्या बैठ्या जगण्याचा हा परिणाम म्हणावा, तर तीच टाळेबंदी सोसलेल्या, पण कोविड न झालेल्या माजी सैनिकांशीच ही तुलना आहे. आणि साथीच्या आधीच्या, २०१७ पासूनच्या गटाशी ताडून पाहिले तरी फरक उरतोच.