शिकागोच्या लिफ्टमनचा मुलगा

शिकागो हे शहर आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना 1886 सालामुळे माहीत आहे. आठ तासांच्या दिवसासाठी तेथे मे महिन्याच्या पहिल्या तारखेला संप झाला, चौथ्या तारखेला हेमार्केट चौकात बाँब पडला, पुढल्या वर्षी चौघे फासावर गेले. हा इतिहास आपण दरसाल उजळतो. आज त्याच शहरातील एका कामगार कुटुंबाची गोष्ट सांगावयाची आहे. ती संपाची नाही. घरात मृत्यू झाल्यावर कामावर जाणाऱ्या माणसाची आहे, आणि ती मला एका बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाच्या चरित्रात सापडली.

युनियनच्या माणसाला बास्केटबॉलशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मुंबईत नागपाड्याला ज्यांनी संध्याकाळ काढली आहे ते विचारणार नाहीत. गोदी, गिरण्या आणि कारखाने यांच्या शेजारच्या त्या दाट वस्तीत या खेळाने मूळ धरले. तेथील नेबरहूड हाऊस 1927 साली सुरू करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ शिकागोतच शिकलेले होते. गरीब वस्तीत घर घेऊन राहायचे, पोरांना खेळ आणि पुस्तके द्यायची, ही कल्पना त्यांनी आपल्याबरोबर आणली. तेव्हा हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही.

ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ते माइक शशेफ्स्की. हे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘के’ने सुरू होते आणि उच्चारताना ‘श’ने. अमेरिकनांची जीभ त्यावर अडखळते, म्हणून सारा देश त्यांना ‘कोच के’ म्हणतो. उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाच्या संघाला त्यांनी 1980 पासून 2022 पर्यंत शिकविले, पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, 2008, 2012 आणि 2016 या तीन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 1202 विजय होते. कीर्तीचा हिशेब एवढ्यात आटोपतो.

आता त्या आडनावाकडे वळू. माइकचे वडील विल्यम हे पोलिश वंशाचे. शिकागोत पोलिश वस्ती मोठी होती, पण पोलिश नाव सांगितले की नोकरी देणाऱ्याचा चेहरा बदलत असे. म्हणून विल्यम यांनी आपले नाव ‘क्रॉस’ असे लावले. याच नावाने ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले, याच नावाने पोट भरले. घरात नवराबायको पोलिश बोलत. मुलांना मात्र ती भाषा मुद्दाम शिकविली नाही, बोलण्यात हेल आला तर पुढे नडेल म्हणून. आडनाव ऐकून खोली नाकारणारे घरमालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याची फोड करून सांगायला नको.

विल्यम लिफ्टमन होते. लिफ्ट चालविणे हे त्या काळी बटण दाबण्याचे काम नव्हते. हाताने दांडा फिरवून पेटी नेमकी मजल्याच्या पातळीला आणून थांबवायची, दार उघडायचे, मिटायचे, आणि दिवसभर त्या चार फुटी खोक्यात उभे राहायचे. शहरातल्या मोठमोठ्या इमारती अशा माणसांच्या हातांवर चालत. लिफ्टमन, झाडूवाले, पहारेकरी यांची अमेरिकेतील संघटना 1921 साली शिकागोतच जन्मली, हे आपण ध्यानात ठेवावे. 1945 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या लिफ्टमन मंडळींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काम थांबविले तेव्हा त्या शहरातील धनिकांना आपण कितव्या मजल्यावर बसतो हे प्रथमच पायांना कळले! पुढे आपोआप चालणाऱ्या लिफ्ट आल्या आणि तो धंदाच हळूहळू पुसला गेला.

आई एमिलीबाई आठवीपर्यंत शिकलेल्या. त्या रात्रीच्या पाळीला फरशा पुसायला जात, आणि त्या फरशा कुठल्या, तर शिकागो अ‍ॅथलेटिक क्लबच्या. तिथल्या जिमखान्यात शहरातील बडे लोक व्यायाम करीत, पोहत, जेवत. जिचा मुलगा पुढे त्या देशातील सर्वांत नामांकित क्रीडाशिक्षकांत गणला गेला, ती बाई रात्री क्रीडामंदिराची जमीन पुसत होती. घरातल्या कपाटात आईचे दोनच झगे लटकत असत, असे मुलाने अनेक सभांतून सांगितले आहे. हायस्कूलचा पहिला दिवस उजाडायच्या आदल्या संध्याकाळी आईने त्याला बजावले की, उद्या बरोबर बसमध्ये बस. मुलाला वाटले, बसच्या नंबराविषयी बोलते आहे. तिला म्हणावयाचे होते की, कोणाबरोबर प्रवास करतोस ते पाहा.

मुलगा खेळात चमकला, आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी महाविद्यालयातून त्याला बोलावणे आले. तेथे फी नाही. आईबापांच्या डोळ्यांसमोर स्वर्ग उघडला, मुलाला मात्र सैन्यात जायचे नव्हते. मग स्वयंपाकघरात आईबापांचे पोलिशमध्ये बोलणे सुरू झाले. भाषा मुलाला येत नव्हती, पण त्या बोलण्यात ‘माइक’ आणि ‘मूर्ख’ हे दोन इंग्रजी शब्द वारंवार ऐकू येत. शेवटी तो गेला.

तेथील प्रशिक्षक होते बॉब नाइट. 1965 साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते मुख्य प्रशिक्षक झाले. हा माणूस माझ्या आवडीचा नव्हे, हे आधीच सांगतो. खेळाडूंवर ओरडणारा, खुर्च्या फेकणारा. पुढे इंडियाना विद्यापीठात एका खेळाडूच्या गळ्याला हात लावल्याची फीत बाहेर आली, आणि 2000 साली तेथून त्यांना काढून टाकण्यात आले. असा मुकादम एखाद्या कारखान्यात असता तर आम्ही त्याच्याविरुद्ध फाटकावर सभा घेतली असती. परंतु इतिहास लिहिताना माणसाच्या खात्यात जे जमा आहे तेही मांडावे लागते.

मार्च 1969. शशेफ्स्की शेवटच्या वर्षाला, संघनायक. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा तोंडावर आलेली. अशा वेळी शिकागोहून निरोप आला की, वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे. वडील गेले. मुलगा बावीस वर्षांचा.

नाइट त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. मोठी स्पर्धा समोर असताना प्रशिक्षकाचा एकेक तास मोलाचा असतो. तो माणूस संघ बाजूला ठेवून शिकागोला गेला आणि अंत्यविधी होईपर्यंत त्या घरी राहिला. स्वयंपाकघरात एमिलीबाईंजवळ बसून तो त्यांच्याशी बोलत राहिला. ज्या स्वयंपाकघरात पोलिशमध्ये मुलाच्या भवितव्याची खलबते झाली होती, तेच हे स्वयंपाकघर. मुलाला परत केव्हा येतोस असे विचारण्यापूर्वी वरिष्ठ स्वतः त्याच्या दारी आला, ही गोष्ट शशेफ्स्की कधीही विसरले नाहीत. पुढे दोघांत बरेच बिनसले. 1992 साली ड्यूकने इंडियानाला हरविल्यावर नाइटनी हातात हात दिला न दिला असे केले, असा त्या दिवसाचा बोभाटा झाला. तरी 2001 साली कीर्तिमंदिरात शशेफ्स्कींचा प्रवेश झाला तेव्हा त्यांची ओळख करून देणारे नाइटच होते. 2011 च्या नोव्हेंबरात शिष्याने 903 वा विजय मिळवून गुरूचा विक्रम मोडला तेव्हाही नाइट त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजर होते आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. त्या मिठीचे मूळ मी 1969 च्या स्वयंपाकघरात शोधतो.

वेस्ट पॉइंटचा संघ त्या स्पर्धेत चौथा आला. विल्यम यांच्या थडग्यावर ‘क्रॉस’ हेच नाव कोरले गेले. मुलाने प्रशिक्षक म्हणून घेतलेला एकही सामना बापाने पाहिला नाही.

मधली वर्षे भराभर ओलांडू. सैन्यातील नोकरी, 1975 ते 1980 वेस्ट पॉइंटचे प्रशिक्षकपद, मग ड्यूक. तेथे दुसऱ्या आणि तिसऱ्या मोसमात सतरा सतरा पराभव झाले, तरी विद्यापीठाने दम धरला. 1991 आणि 1992 साली अजिंक्यपद आले. नंतर 1994 साली पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि हे गृहस्थ पुरते बरे होण्याआधीच मैदानावर उभे राहिले. जानेवारी 1995 मध्ये शरीराने जबाब दिला. त्यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. उरलेला मोसम त्यांनी घरी काढला. त्यांच्यामागे संघ सामन्यामागून सामना हरला, पण त्यांची जागा राहिली. रजाही मिळाली आणि जागाही राहिली, या एका वाक्यासाठी आम्ही किती वाटाघाटी केल्या आहेत ते आम्हांलाच ठाऊक!

आणि मग 1996 च्या सप्टेंबरात एमिलीबाई कर्करोगाने गेल्या. कॉलेजच्या संघांचा सराव त्या काळी ऑक्टोबरात सुरू होत असे. म्हणजे आईला पोचवून आल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा शिट्टी गळ्यात. समोर अठरा ते बावीस वयाची मुले, म्हणजे 1969 साली तो स्वतः होता त्याच वयाची. त्या मोसमात ड्यूकने 24 सामने जिंकले, 9 गमावले आणि आपल्या विभागाच्या साखळीत पहिला क्रमांक मिळविला. यावरून दुःखाने माणूस बळकट होतो असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो मान्य नाही. हा माणूस दोनच वर्षांपूर्वी सक्तीने का होईना घरी बसला होता, मदतनीस होते, नोकरी पक्की होती. दुःखात उभे राहण्यासाठी पायांखाली जमीन लागते, आणि ती त्यांना होती.

माझ्या म्हणण्याला त्यांनी स्वतःच पुरावा दिला आहे. 2013 च्या डिसेंबरात त्यांचे थोरले बंधू, शिकागोच्या अग्निशामक दलातील अधिकारी, वारले. जानेवारी 2014 मध्ये संघ दोन सामने हरला. तेव्हा शशेफ्स्कींनी वार्ताहरांसमोर उघडपणे सांगितले की, भावाच्या मृत्यूने मी मागे फेकला गेलो आणि मुलांना जे द्यायला हवे ते देऊ शकलो नाही. सहासष्ट वर्षांचा, हजारांच्या घरात विजय मिळविलेला माणूस हे बोलला. पराभवाचे खापर पोरांवर फोडणे सोपे होते.

आमच्या संघटनेतील एका सफाई कामगार बाईंची आई गावी वारली. चौथ्या दिवशी त्या परतल्या तर कंत्राटदाराने त्यांच्या जागी दुसरी बाई उभी केली होती. भांडून जागा मिळविली, चार दिवसांचा पगार मात्र गेला तो गेलाच. आपल्याकडे बहुतेक कामगार दुखवट्याचे दिवस किरकोळ रजेतून किंवा हक्काच्या रजेतून काढतो. ज्यांच्या करारात त्यासाठी वेगळे कलम आहे ते थोडे. अमेरिकेतही संघराज्याचा असा कायदा खाजगी नोकरांसाठी नाही. इलिनॉय राज्याने, म्हणजे ज्यात शिकागो येते त्या राज्याने, 2016 साली मूल गमावलेल्या कामगारांसाठी रजेचा कायदा केला, आणि 2023 च्या पहिल्या जानेवारीपासून त्यात आईबाप आणि इतर आप्तही आले. रजा दहा दिवसांची. आपल्या सुतकाचे दिवसही दहाच, हा योगायोग मला गमतीचा वाटला. पण ती बिनपगारी आहे, आणि पन्नासांहून कमी माणसे ठेवणाऱ्या मालकाला लागू नाही.

ड्यूक विद्यापीठ ज्या डरॅम शहरात आहे तेथे 2006 साली एक केंद्र उघडले. गरीब घरांतील मुलामुलींना शाळेच्या वयापासून हाताशी धरून कॉलेजच्या दारापर्यंत नेण्याचे काम तेथे चालते. मुले त्याला ‘एमिली के सेंटर’ म्हणतात. त्या ‘के’मागचे पूर्ण आडनाव शशेफ्स्की आहे, क्रॉस नाही.