हिशेबनिसाचे वळण

मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका छापून आली, तेव्हा तिच्या नावातले प्रत्येक अक्षर सुटे पडले होते. फाँट देखणा, वळणदार. पण ओळ भरावी म्हणून छपाईवाल्याने अक्षरांमधले अंतर वाढवले आणि जोडरेषा तुटल्या. वेळ नव्हता, त्याच पत्रिका वाटल्या. मी व्यवसायाने हिशेबनीस. लिपीचे शिक्षण कुठे घेतलेले नाही. पण ती तुटलेली रेघ मनातून जाईना. शोध घेतला. फाँटचे नाव स्नेल राउंडहँड, आणि हा स्नेल निघाला माझाच धंदेबंधू!

चार्ल्स स्नेल हा लंडनचा लेखनशिक्षक आणि हिशेबतपासनीस. 1720मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटल्यावर तिच्या एका संचालकाशी संबंधित पेढीच्या वह्या त्याने तपासल्या. 1721चा तो अहवाल लेखापरीक्षणाच्या इतिहासात आजही सांगितला जातो.

राउंडहँड हे वळण व्यापाऱ्यांच्या कामाचे. टाक कमीत कमी उचलायचा, अक्षराला अक्षर जोडत जायचे. हात भरभर चालतो आणि लिहिलेले स्वच्छ वाचता येते. आपल्याकडे दफ्तरांत मोडीने हेच काम केले. अक्षरांची मापे नियमांत बसवावीत, असा स्नेलचा आग्रह होता. त्यावरून जॉन क्लार्क या लेखनशिक्षकाशी त्याचा जाहीर वादही झाला.

हे वळण छापणे मात्र अवघड. खिळा चौकोनी, अक्षर तिरके. जोड नेमका खिळ्याच्या कडेवर यावा लागे. पॅरिसच्या फिर्मीन दिदो यांनी त्यासाठी खिळाच तिरका ओतला. पुढे फोटोटाइपसेटिंग आले आणि धातूची कड उरली नाही. 1965मध्ये ब्रुकलिनच्या मर्गनथेलर लायनोटाइपमध्ये रुजू झालेल्या मॅथ्यू कार्टर यांनी त्या यंत्रासाठी स्नेलचे वळण निवडले. माझ्या मते, नियमांनी बांधलेले अक्षरच साच्यात नीट उतरते, हे त्यामागचे कारण असावे.

याच कार्टर यांनी 1970च्या दशकात लायनोटाइपसाठी देवनागरीही आखली. तिथेही प्रश्न जोडाचाच होता. शिरोरेषा तुटली की आपला शब्द विस्कटतो; राउंडहँडमध्ये ती रेघ खालून जाते, एवढाच फरक.

म्हणून पत्रिका, प्रमाणपत्र, मानपत्र यांसाठी हा फाँट जरूर वापरावा, पण नाव आणि शीर्षकापुरता; पत्ता आणि वेळ साध्या टाइपात. अंतर वाढवू नये. सगळी अक्षरे कॅपिटलमध्ये तर मुळीच लावू नयेत. ती शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी आखलेली असतात.

नातीच्या बारशाच्या पत्रिकेवेळी मी ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. “काका, थोडं मोकळं करू का?” त्याने विचारले. म्हटले, “नको. हिशेब जुळलाय.”