संक्षेपाची शिस्त : मोडी दफ्तरापासून संगणकाच्या आज्ञावलीपर्यंत



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. मोडी लिहिणारा कारकून आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारा अभियंता यांच्यात काळाचे मोठे अंतर आहे. परंतु दोघांपुढील प्रश्न एकच आहे. वारंवार येणारा मजकूर थोडक्यात कसा लिहावा, आणि परक्या वाचकाला तो अचूक कसा उलगडावा?

मोडी दफ्तरात ‘मौजे’साठी ‘मौ।’, ‘बाबत’साठी ‘बा।’, ‘राजश्री’साठी ‘रा।’ अशी चिन्हे रूढ होती. मुसलमानी महिन्याच्या तारखेपूर्वी नुसता ‘छ’ येई. शब्द न तोडता लिहिण्याच्या त्या लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळला जात नसे. त्यामुळे संक्षेपाचा अर्थ पुष्कळदा त्याच्या जागेवरून ठरे. आजही पत्त्यातील ‘ता.’ म्हणजे तालुका आणि पत्राच्या शिरोभागी असलेला ‘ता.’ म्हणजे तारीख. एकाच दफ्तरात ही संदिग्धता बाधत नाही. कागद दुसऱ्या दफ्तरात गेला की ती बाधू लागते.

आपले निर्णा अशा दफ्तरांच्या सीमेवरच वसले आहे. हैदराबाद संस्थानात १८८४ मध्ये फारसीची जागा उर्दूने घेतली. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा विभागला जाऊन उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. १९६३ च्या कायद्याने तेथे कन्नड राजभाषा झाली. म्हणून एकाच घराच्या पेटीत उर्दू, मोडी आणि कन्नड कागद असणे येथे स्वाभाविक आहे. संक्षेप जाणणारी पिढी गेली, की शेताची चतुःसीमा सांगणारा कागदही मुका होतो.

आज्ञावलीच्या क्षेत्रात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही भाषा घडविली. पुढे ॲलन स्नायडर यांच्या आग्रहावरून तीत संक्षेप उलगडणारी पूर्वप्रक्रिया आली. माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी ती वाढविली. या संक्षेपास ‘मॅक्रो’ म्हणतात. संगणक नावाच्या जागी ठरलेला मजकूर ठेवतो. अर्थ पाहत नाही. ‘वर्ग(क)’ म्हणजे ‘क × क’ असे ठरविले आणि ‘क’च्या जागी ‘२ + ३’ दिले, तर ‘२ + ३ × २ + ३’ असा विस्तार होऊन उत्तर २५ न येता ११ येते. विस्तारात प्रत्येक ‘क’ला आणि संपूर्ण पदावलीला कंस घालणे, एवढाच त्यावर उपाय.

मूळ आज्ञावलीला इतरांनी लिहिलेले प्लगइन जोडायचे असते, तेव्हा दोहोंमधील करार एका सामाईक हेडर फाइलमध्ये लिहितात. तीतील मॅक्रो ती फाइल घेणाऱ्या प्रत्येकाच्या लेखनात शिरतात. विंडोजच्या हेडर फाइलींतील ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ हे मॅक्रो ‘सी प्लस प्लस’मधील त्याच नावांच्या प्रमाण फलनांशी असेच भिडले, ते टाळण्यासाठी प्रोग्रामरला ‘नोमिनमॅक्स’ असे आधी लिहावे लागते. माझ्या मते अशा फाइलच्या परीक्षकाने चार गोष्टी पाहाव्यात : नावाला स्वतंत्र उपसर्ग आहे काय, मॅक्रो मोठ्या अक्षरांत असून ओळखू येतो काय, कंस पुरे आहेत काय, आणि साध्या फलनाने काम भागत असता मॅक्रो हवाच कशाला?

या शाळेतून बाहेर पडून संगणकक्षेत्रात गेलेल्यांना आणि गावी राहिलेल्यांना माझी विनंती एकच आहे. आपल्या आज्ञावलीतील संक्षेपांचा अर्थ तेथेच लिहून ठेवा. आणि घरच्या मोडी कागदांचे संक्षेप, जाणकार हयात आहेत तोवर, वेगळ्या कागदावर उतरवून घ्या.