बेटावर राहायचं कुठे?

कॅरिबियनमध्ये सुट्टी घालवायची ठरली की बेट कोणतं यापेक्षा मुक्काम कुठे यावर जास्त डोकं खर्च होतं. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा तर दोन बेटांचा देश. टोबॅगोला पांढरी वाळू, प्रवाळ आणि समुद्राकडे तोंड करून बांधलेली हॉटेलं. त्रिनिदादला राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, तेल आणि वायूचे कारखाने, गर्दी. साहजिकच बुकिंगची संकेतस्थळं सुट्टीवाल्यांना टोबॅगोकडे ढकलतात. आमच्या मित्रमंडळींचा असा बेत शिजू लागला तेव्हा एक्सेल शीट करायचं काम सवयीने माझ्याकडे आलं. भाडं, समुद्रापासूनचं अंतर, नाश्ता फुकट की विकत, असे रकाने पाडले. मग त्रिनिदादबद्दल वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की या बेटाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास 'राहायचं कुठे आणि ते ठरवणार कोण' या एका प्रश्नाभोवती मांडता येतो.

कॅरिबियन बेटांचा आजचा चेहरा पर्यटनाचा असला तरी ती घडली साखरेवर. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली आणि १८३८ मध्ये गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले. उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. ३० मे १८४५ रोजी 'फतेह अल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनला पोचलं. त्यानंतर १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक त्रिनिदादला गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारातले, काही मद्रासकडून. आपल्याकडची माणसं गेली ती मुख्यतः मुंबई बंदरातून मॉरिशसला. म्हणून त्रिनिदादच्या भारतीयांत भोजपुरीचे अवशेष सापडतात, मराठीचे नाहीत.

या लोकांचा पहिला मुक्काम कुठे? १८६६ पासून तो पोर्ट ऑफ स्पेनसमोरच्या नेल्सन आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावर असे. तिथे तपासणी होई, आजारी वेगळे काढले जात आणि बाकीच्यांची मळ्यांना वाटणी होई. मळ्यावर गेलं की बराक. एक लांबच लांब लाकडी इमारत, तिच्यात ओळीने खोल्या, प्रत्येक खोली साधारण दहा फूट लांब-रुंद. खोल्यांमधल्या भिंती छतापर्यंत पोचलेल्या नसत, त्यामुळे एका खोलीतलं बोलणं, भांडण, मुलाचं रडणं साऱ्या ओळीला ऐकू जाई. स्वयंपाक बाहेरच्या पडवीत. करार पाच वर्षांचा, आणि परवान्याशिवाय मळा सोडून कुठे गेलं तर शिक्षा. थोडक्यात, राहण्याची सोय मालकाची आणि ती नाकारायची सोय नाही.

त्रिनिदादच्या कहाणीला वेगळं वळण मिळालं ते पुढे. दहा वर्षं बेटावर काढल्यावर मजुराला मायदेशी परतीच्या प्रवासाचा हक्क होता. १८६९ पासून सरकारने काही वर्षं एक पर्याय देऊ केला: परतीचं तिकीट सोडा आणि त्याऐवजी दहा एकर जमीन घ्या. यात सरकारचं औदार्य किती आणि हिशेब किती हे उघड आहे. जहाजाचा खर्च वाचत होता आणि अनुभवी मजूर हाताशी राहत होता. तरीही कलकत्ता सोडल्यापासून पहिल्यांदाच त्या माणसाला कुणीतरी विचारत होतं, की बाबा, तुला राहायचंय कुठे? बहुतेक लोक राहिले, कुणी जमीन घेऊन, कुणी विकत घेऊन, कुणी आणखी मजुरी करून. आज त्या देशातले सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत आणि ३० मे हा तिथे सुट्टीचा दिवस आहे.

या बेटावर मराठी माणूस ठळकपणे उतरला तो क्रिकेटमुळे. भारताचा वेस्ट इंडीजचा पहिला दौरा १९५३ चा. कर्णधार विजय हजारे, जन्म सांगलीचा, म्हणजे माझ्या पलूसपासून तासाभराच्या अंतरावरचा. संघात माधव आपटे, विजय मांजरेकर आणि लेगस्पिनर सुभाष गुप्ते. मालिका भारताने ०-१ अशी गमावली, पण गुप्त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. त्रिनिदादच्या विल्फ फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून त्यांना 'फर्गी' हे टोपणनाव पडलं. याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची कॅरल यांच्याशी ओळख झाली आणि पुढे लग्न.

गुप्ते त्रिनिदादला कायमचे गेले त्यामागे मात्र केवळ प्रेमकथा नाही, हॉटेलची एक खोलीही आहे. डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी संघ इंपीरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते आणि कृपालसिंग एका खोलीत. खोलीतून हॉटेलच्या स्वागतिकेला फोन गेला आणि तिने तक्रार केली. फोन कृपालसिंगांनी केला होता असंच या प्रकरणाच्या हकिकतींत सांगितलं जातं. कारवाई मात्र दोघांवर झाली. ३६ कसोटींत १४९ बळी घेणारा, कानपूरला वेस्ट इंडीजच्याच एका डावात नऊ गडी बाद करणारा हा गोलंदाज त्यानंतर भारताकडून पुन्हा खेळला नाही. १९६२ चा वेस्ट इंडीज दौरा त्यांच्याविना गेला. कुणाबरोबर कोणत्या खोलीत राहायचं हे संघ ठरवतो, खेळाडू नाही. न निवडलेल्या त्या खोलीची किंमत गुप्त्यांनी भरली. मग ते त्रिनिदादला जाऊन स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वारले.

हे सगळं वाचल्यावर माझ्या शीटमधला 'समुद्रापासूनचं अंतर' हा रकाना मला फार महत्त्वाचा वाटेनासा झाला. कुणी सल्ला विचारला तर मी सांगेन, चार दिवस टोबॅगोला जरूर काढा, पण निदान तीन रात्री त्रिनिदादला राहा. नेल्सन आयलंडला सहली जातात, ते पाहा. क्वीन्स पार्क ओव्हल पाहा. मध्य त्रिनिदादमधल्या जुन्या ऊसपट्ट्यातून फिरा. तिथली सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, हजारो कामगार घरी गेले. ज्या पिकासाठी माणसं समुद्रापार आणली ते पीक संपलं, माणसं राहिली.

आमच्याकडे उलट आहे. पलूस तालुक्यात ऊस जोरात आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या येतात आणि शिवाराच्या कडेला कोप्या उभ्या राहतात: बांबू, चटया, वर प्लास्टिकचा कागद. आत वाकूनच जावं लागतं. संडास नाही, पाणी मिळेल तिथून. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंतचं काम. उचल म्हणजे गिरमिट नव्हे. समुद्र आडवा नाही, मळा सोडला म्हणून तुरुंग नाही. पण आगाऊ बांधली गेलेली माणसं, जोडीने राबणारी कुटुंबं आणि राहण्याची जागा दुसऱ्याने ठरवणं, हे साम्य नजरेआड करणं मला जमत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या बराकीला निदान लाकडी भिंती होत्या.

फरक आणखी एक. त्रिनिदादच्या मजुराला निदान काही वर्षं विचारलं गेलं, की तिकीट हवं की जमीन. ऊस संपला की पाडव्याच्या आसपास आमच्याकडच्या टोळ्या परतीला लागतात आणि पुढच्या हंगामात त्याच शिवाराच्या कडेला पुन्हा कोप्या बांधतात. बाबांनो, तुम्हाला राहायचंय कुठे, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.