घड्याळाची तबकडी : मूळ कीं नवी?
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कांहीं घड्याळांच्या निमित्तानें)

पोथी हातीं आली म्हणजे तिच्या समासांतील टीप, हरताळ लावून झांकलेली ओळ, मध्येंच आलेलें दुसऱ्या हाताचें अक्षर, यांपैकीं कांहींहि आपण पुसून टाकीत नाहीं. जें आहे तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें व आपलें म्हणणें टीपेंत स्वतंत्र द्यावें, हा नियम आतां वादाचा राहिलेला नाहीं. परंतु त्याच घरांतील त्याच फडताळांतून पोथीशेजारचें खिशांतलें घड्याळ बाहेर निघालें कीं आपली बुद्धि निराळी चालूं लागते. तबकडी मळकट दिसते, कांटा गंजलेला असतो, आणि 'हें एकदां नवें करून घ्या' असा सल्ला कागदांचा मोठा अभिमानीहि यजमानास देऊन मोकळा होतो. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत दप्तरें पाहण्यासाठीं आमचें जाणें होतें. तेथें हा सल्ला आम्हीं एकाहून अधिक वेळां ऐकला आणि त्याचे परिणामहि पाहिले. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करीत आहों.

या मुलखांत मिनिट ही वस्तु जुनी नव्हे. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी, ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, म्हणजे आजचीं चोवीस मिनिटें. अशा साठ घटकांचा अहोरात्र. जुन्या पत्रांतून 'दोन घटका दिवस' किंवा 'प्रहर रात्र' असाच काळ येतो, व लग्नाच्या मुहूर्तास त्याहून सूक्ष्म मापाची गरज पडली तर पळें मोजीत. मिनिट आलें तें आगगाडीबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता कल्याणाहून वाशिंदपर्यंत ता. १ ऑक्टोबर १८५५ रोजीं खुला झाला, आसनगांवास तो १८६० सालीं पोंचला, कसाऱ्यास ता. १ जानेवारी १८६१ रोजीं, आणि थळ घाट चढून इगतपुरीस १८६५ च्या आरंभीं. शहापूर गांव रुळांपासून थोडें बाजूस आहे. आसनगांव हेंच त्याचें स्टेशन. मुरबाडास मात्र आजवर आगगाडी आली नाहीं, तेथील लोक कल्याणास सडकेनेंच जातात. तेव्हां मिनिटाची गरज प्रथम शहापुराच्या बाजूस भासली असें समजण्यास हरकत नाहीं.

पण हें मिनिट तरी कोणतें? रेल्वेचीं घड्याळें मद्रास वेळेप्रमाणें चालत, आणि मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेप्रमाणें. ग्रीनिचहून मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटें पुढें, मद्रासची ५ तास २१ मिनिटें. म्हणजे दोहोंत अर्ध्या तासाचें अंतर. १८८१ सालीं मुंबईवर मद्रास वेळ लादण्याचा सरकारी प्रयत्न झाला, तो लोकांच्या विरोधामुळें फसला. पुढें ता. १ जानेवारी १९०६ पासून साडेपांच तासांची हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबई नगरपालिकेनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. या भागांतील एखाद्या जुन्या पत्रांत 'सकाळीं साडेनऊ वाजतां' असें लिहिलेलें सांपडलें तर ती वेळ कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न विचारल्यावांचून तें पत्र लावतां येणार नाहीं. घड्याळ हें साधन आहे, नुसती शोभेची चीज नव्हे, असें आम्ही म्हणतों त्याचें हें एक कारण.

आतां मूळ म्हणजे काय, तें ठरविलें पाहिजे. कारण येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो. या बाजूस जीं खिशांतलीं घड्याळें आढळतात त्यांत 'वेस्ट एंड वॉच कंपनी'चीं पुष्कळ आहेत. यंत्र स्वित्झर्लंडांत बनलेलें, तबकडीवर मुंबई व कलकत्ता या शहरांचीं नांवें, आणि एका नमुन्याचें नांव तर 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार. फाव्र-ल्युबा या दुसऱ्या स्विस घराण्याचा फ्रिट्झ फाव्र १८६५ सालीं हिंदुस्थानांत आला, तोहि येथील गिऱ्हाईक शोधण्यासाठींच. म्हणजे हीं घड्याळें मुळांतच येथील माणसासाठीं बदललेलीं. तो बदल कारखान्यांतून निघण्यापूर्वीं झाला असल्यामुळें तेंच त्यांचें मूळ रूप. १९३१ सालीं निघालेल्या 'रिव्हर्सो' या घड्याळाची कथा याहून बोलकी आहे. हिंदुस्थानांत पोलो खेळणाऱ्या इंग्रज अंमलदारांच्या घड्याळांच्या कांचा फुटत, म्हणून तबकडी उलटून आंत वळेल अशी रचना केली. आणि उलटल्यावर जी कोरी पाठ वर येई तिच्यावर मालक आपलीं आद्याक्षरें, कुलचिन्ह किंवा मिन्यांत रंगविलेली तसबीर करून घेऊं लागले. मालकाच्या हौसेसाठीं जागा कारीगरानेंच राखून ठेवली होती.

मोडी कागदांचा ज्यांस सराव आहे त्यांस हा भेद समजण्यास कठीण जाऊं नये. मजकूर पुरा झाल्यावर शेवटीं मोर्तब होई, तें एवढ्यासाठीं कीं त्याखालीं कोणी ओळ घुसडूं नये. मोर्तबापूर्वीं कारकुनानें खाडाखोड केली असेल तर तीहि त्या कागदाचीच. मोर्तबानंतरची एक रेघ देखील परकी. घड्याळ कारखान्याबाहेर पडलें, मालकाच्या नांवानें कोरून त्याच्या हातीं पडलें, कीं त्याचें मोर्तब झालें असें समजावें.

मोर्तबानंतर काय होतें? मुंबईच्या बाजारांत जुनी तबकडी 'नवी' करण्याचा मोठा धंदा आहे. जुना रंग व अक्षरें खरवडून काढतात, नवा रंग देतात, वर नांव छापतात, घराला पॉलिश मारतात, आणि कांटे मिळतील ते बसवितात. परदेशांतील संग्राहक अशा मालास 'मुंबई स्पेशल' असें उपहासानें म्हणतात, आणि तो उपहास आपण सर्वस्वीं नाकारूं शकत नाहीं. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. अक्षरें जाड व किंचित् विस्कटलेलीं असतात. सेकंदाच्या लहान वर्तुळाची कड एखाद्या आंकड्यास कापून जाते. घराच्या धारा झिजून साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. मिन्याची तबकडी मात्र या कारागिरांस दाद देत नाहीं. ती तांब्यावर भट्टींत वितळवून बसविलेली कांचच असते. तिला तडा गेला तर तो रंगानें झांकतां येतो, जात नाहीं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं बंगलोरास सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळांचीहि आतां हीच गत आहे. २०१६ सालीं त्या कंपनीचा गाशा गुंडाळण्याचें सरकारनें ठरविलें, त्यानंतर जुन्या मालास भाव आला, आणि कारखान्यानें कधीं न छापलेल्या रंगीबेरंगी तबकड्या बाजारांत दिसूं लागल्या.

मुरबाडाकडील एका घरीं आम्हीं पाहिलेलें घड्याळ याचें उदाहरण म्हणून सांगतों. तबकडीवर एका अत्यंत महागड्या स्विस घराण्याचें नांव ठळक छापलेलें. आणि आजोबांस लांकडाच्या व्यापारांत एका बड्या साहेबानें तें बक्षीस दिलें, ही घरची कथा. झांकण उघडून पाहतां यंत्रावर खूण दुसऱ्याच, साध्या कारखान्याची. नांव कोणी तरी मागाहून चढविलें होतें. केव्हां, तें घरांत कोणास ठाऊक नाहीं. आतां ती कथा अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. साध्या घड्याळाचें बक्षीसहि मिळत असेल. पण तपासण्याचें साधन जें जुन्या तबकडीवरील नांव, तें खरवडून गेलें, आणि आजोबांनीं खरोखर जें घड्याळ बाळगलें त्याची ओळख घरच्यांसच उरली नाहीं.

शहापुरास याच्या उलट अनुभव आला. तेथील घड्याळाच्या पाठीच्या झांकणाच्या आंतल्या अंगास सुईनें ओरखडल्यासारखीं बारीक अक्षरें होतीं. दुरुस्तीस आलेल्या घड्याळावर आपली खूण व तारीख टोंचून ठेवण्याची घड्याळजींची जुनी चाल आहे. पोथीच्या समासांतील टीपा त्याच जातीच्या. नातवाच्या लग्नासाठीं तबकडी रंगवून झांकण आंतून-बाहेरून झळझळीत करावें असा मालकांचा बेत होता. त्यांचा युक्तिवाद आम्ही हलका समजत नाहीं. ते म्हणाले, "घड्याळ चालण्यासाठीं असतें. वडिलांनीं तें वापरलें, आम्ही वापरणार. तुमच्या कपाटांत ठेवण्यासाठीं तें घेतलेलें नाहीं." हें खरें आहे. आणि चालू ठेवणें हेंहि रक्षणच. कारण वाळून घट्ट झालेल्या तेलांत चाकें फिरलीं तर त्यांचे आंस झिजतात. म्हणून साफसफाई करावी, तेल द्यावें, तुटलेली कमान बदलावी, आणि काढलेली जुनी कमान कागदाच्या पुडींत तारीख घालून घड्याळाबरोबर ठेवावी, असें आम्हीं सुचविलें. तबकडीस व झांकणास हात लावूं नये, एवढाच आमचा आग्रह. तो त्यांनीं मानला.

मोठ्या बाजारांतहि हाच वाद चालला आहे, फक्त आंकडे डोळे फिरविणारे आहेत. २०२१ सालीं जिनीव्हा येथील लिलांवांत ओमेगाचें एक 'स्पीडमास्टर' घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस गेलें. १९५० नंतरच्या दशकांतील मूळ वस्तु म्हणून. दोन वर्षांनीं तें निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभें केलेलें असल्याचें कंपनीनेंच जाहीर केलें, आणि त्यांत आपल्याच माजी नोकरांचा हात असल्याचेंहि सांगितलें. बनावट सनदा तयार करणाऱ्यांची आठवण कोणास होणार नाहीं? जुना कागद खरा, शाई जुनी, शिक्काहि कोठला तरी खरा; खोटें काय तें त्यांचें एकत्र येणें. उलट २०१७ सालीं न्यूयॉर्कास पॉल न्यूमन या नटाचें रोलेक्स १ कोटी ७७ लाख डॉलरांस विकलें गेलें. त्याच्या पाठीवर पत्नीनें, गाडी जपून हांक, अशा अर्थाचे शब्द कोरून दिले होते. ती कोरणी पुसून पाठ गुळगुळीत केली असती तर किंमत किती राहिली असती, याचा अंदाज वाचकांनींच करावा. जानेवारी २०२४ मध्यें स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें रोलेक्सच्या एका दाव्यांत जो निकाल दिला तो आम्हांस विचाराचा वाटतो. मालकानें स्वतःच्या वापरासाठीं आपलें घड्याळ कोणाकडून बदलून घेतलें तर त्यास हरकत नाहीं. पण बदललेलें घड्याळ मूळ कारखान्याच्या नांवानें बाजारांत मांडणें हें निराळें. मालकाचा हक्क कोठें संपतो, याची सीमा एवढ्या नेमकेपणानें आमच्या वादांत क्वचितच आंखली जाते.

मुरबाडाच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जाणारास माथ्यालगतचें लेणें परिचित आहे. तेथील सातवाहनकालीन लेखांतील अंक हिंदुस्थानांतील अत्यंत जुन्या अंकचिन्हांत गणले जातात. त्याच लेण्यांत सिमुक, सातकर्णी, नागनिका आदि राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज मूर्ति गेल्या, वरचीं नांवें तेवढीं राहिलीं. तेथें नव्या मूर्ति बसवाव्या असें कोणी म्हणेल तर आपण सर्व त्याच्या विरुद्ध उभे राहूं, कारण रिकामी जागाहि तेथें पुराव्याचें काम करते. तरीपण सर्वच फेरफार निषिद्ध ठरविण्यास आम्ही तयार नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती केल्याचें व केव्हां केल्याचें नमूद करून केली. म्हणून त्यांच्या शुद्धीचा विचार आज करतां येतो. तबकडी बदलणाऱ्या घड्याळजीनें झांकणाच्या आंत तसें दोन शब्दांत टोंचून ठेवलें असतें, तर मुरबाडचें कोडें पडलें नसतें.

ज्यांच्या संग्रहीं किंवा ओळखीच्या घरीं अशीं घड्याळें असतील त्यांनीं तीं दुरुस्तीस देण्यापूर्वीं तबकडीवरील सर्व अक्षरें, यंत्रावरील व घरावरील क्रमांक, आणि झांकणाच्या आंतील ओरखडे भिंगाखालीं पाहून उतरून ठेवावे. काळजीपूर्वक घेतलेलें छायाचित्र असल्यास उत्तमच. लाँजीन्ससारख्या घराण्यांनीं आपल्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या असल्यामुळें केवळ यंत्रावरील क्रमांकावरून घड्याळ केव्हां व कोणत्या देशास रवाना झालें तें पुष्कळदां कळूं शकतें. शहापूर, मुरबाड व लगतच्या भागांतील अशा नकला आम्हांकडे आल्यास त्यांची एकत्र यादी करून पुढील एखाद्या अंकीं देऊं.