‘वेल्टलिटराटूर’ : एका समासाचा विग्रह

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम लागते. या नावातील ‘पापनाश’ हा संस्कृत समास असून त्याचा मकारान्त तमिळ वळणाचा आहे. षष्ठी तत्पुरुष मानून विग्रह केला, तर ‘पापाचा नाश’ एवढेच हाती येते. गाव मात्र ‘जेथे पापाचा नाश होतो ते’ असते. ‘जेथे’ हा अर्थ दोन्ही पदांबाहेरचा आहे. समासातील पदांचा संबंध अध्याहृत असतो, तो वाचकाने पुरवायचा असतो. तौलनिक साहित्याभ्यासाच्या एका पायाभूत संज्ञेलाही हे लागू पडते.

‘वेल्टलिटराटूर’ हा जर्मन सामासिक शब्द श्ल्योत्सरने १७७३ मध्ये वापरला होता. त्याला प्रतिष्ठा मिळाली ती १८२७ मध्ये, गटेमुळे. ‘लिटराटूर’च्या मुळाशी ‘अक्षर’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘वेल्ट’ आज एकसंध भासतो. परंतु तोही मुळात समासच. प्राचीन उच्च जर्मनमधील ‘वेरआल्ट’ या त्याच्या पूर्वरूपात ‘वेर’ म्हणजे पुरुष, माणूस (संस्कृत ‘वीर’शी सगोत्र) आणि उत्तरपद म्हणजे वय, युग. जगाची ही कल्पना मुळात स्थळाची नसून मानवी काळाची आहे.

मराठी ‘विश्वसाहित्य’ वेगळ्या धातूचे आहे. ‘विश्व’ म्हणजे सर्व आणि ‘साहित्य’ म्हणजे सहितत्व. उलट ‘जागतिक साहित्य’ म्हणताच पूर्वपदाचे विशेषण होते आणि जगभर पोचलेले तेवढेच साहित्य, असा संकोच सहज घडतो.

हा संकोच तंजावरला मानवत नाही. गटे आणि सरफोजी दुसरे हे दोघेही मार्च १८३२ मध्ये निवर्तले. सरफोजींचे शिक्षण श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते, तरी गटेच्या संकल्पनेशी त्यांचा संबंध येथे सुचवायचा नाही. लक्षणीय आहे ती त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्यप्रकार, भाषा मराठी आणि विषय जगाचा भूगोल. येथे ‘विश्व’ हे साहित्याच्या प्रसाराचे क्षेत्र नसून त्याचा आशय आहे. अन्य भाषेच्या रूपबंधाशी झालेला सहवास हेच तिचे ‘साहित्य’.

आपल्या वाङ्मयेतिहासात तंजावरची नाटके बहुधा ‘पहिले मराठी नाटक कोणते’ या वादापुरतीच आठवली जातात. अग्रक्रमाच्या या प्रश्नात सहितत्वाचा प्रश्न हरवतो. ‘विश्वसाहित्य’ या समासाचा विग्रह मराठीने स्वतः करावयाचा असेल, तर त्याचा आरंभ वायमारइतकाच कावेरीच्या काठावरूनही करता येईल.